रेस सोडली की बंद पडते

लोणारला रेल्वे नाही. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून गेला, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. त्यामुळे सरोवराच्या काठावरचं हे गाव आणि भोवतालचा तालुका चालतो तो एसटीवर आणि मोटरसायकलवर. एसटीची वेळ एसटीच्या हातात, मोटरसायकल आपल्या. शेतात जायचं, फवारणीचा पंप न्यायचा, पोराला मेहकरला कॉलेजात सोडायचं, नवरात्रात कमळजा देवीला यायचं, म्हाताऱ्याला मधे बसवून जालन्याच्या दवाखान्यात न्यायचं; सगळं त्या शंभर सीसीच्या जिवावर.

म्हणून इथल्या गॅरेजांत सकाळी शटर वर जातं न जातं तोच येणाऱ्या तक्रारी ऐकण्यासारख्या असतात. त्यातली एक फार चिवट. गाडी पळते, चढ चढते, अ‍ॅव्हरेजही देते, पण रेस सोडली की बंद पडते. चौकात ट्रॅक्टर आडवा आला, क्लच दाबला, रेस सोडली आणि इंजिन गप्प. किक मारली, पुन्हा चालू. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा गप्प. गाडी ढकलत आणलेल्या माणसापेक्षा अशी गाडी चालवत आणलेला माणूस जास्त वैतागलेला असतो. ‘काललोक तर चांगली होती ना भाऊ’ हे त्याचं पालुपद. त्यात मिस्त्रीसमोर उभी केली की गाडी शहाण्यासारखी फुटफुटत राहते, म्हणजे तक्रारदारच खोटा ठरतो.

या तक्रारीवरचा सर्वमान्य उपाय एकच. पेचकस घ्यायचा, कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू अर्धा आटा आत फिरवायचा आणि ‘स्लो’ वाढवून द्यायचा. काम क्षणाचं, पैसे बहुधा कुणी मागत नाही. मला विचाराल तर दुचाकीच्या दुनियेत इतकी सर्रास आणि इतकी वाया गेलेली दुसरी दुरुस्ती नाही. त्या स्क्रूने बिघाड जात नाही. कार्बोरेटरमधली स्लाइड जराशी उचलून धरली जाते, म्हणजे हाताने रेस थोडी पिळून ठेवल्यासारखं होतं, आणि बिघाड ऐकू येईनासा होतो. चार-आठ दिवसांनी गाडी पुन्हा दारात. आता स्लो इतका वाढलेला असतो की पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, पेट्रोल जास्त जातं, आणि तरीही बंद पडायची ती पडतेच.

मुळात स्लोमध्ये चालणं हे इंजिनासाठी सगळ्यात अवघड काम आहे, हेच आपल्या लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं, गाडी उभी आहे, तिला काय कष्ट? १९९४ पासून गावोगावी दिसणारी स्प्लेंडर घ्या. ९७.२ सीसीचं इंजिन, एकच सिलिंडर. अशा गाडीचा नेमून दिलेला स्लो मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांचा. फोर-स्ट्रोक असल्यामुळे दर दोन फेऱ्यांना एकदाच सिलिंडरमध्ये मिश्रण पेटतं, म्हणजे मिनिटाला ७००, सेकंदाला अकरा-बारा वेळा. त्या एका धक्क्याच्या जोरावर पिस्टनला उरलेले तीन स्ट्रोक पार करायचे असतात: जळलेला धूर बाहेर टाकायचा, नवं मिश्रण ओढायचं, ते दाबायचं. मदतीला फक्त मॅग्नेटच्या जड चाकाची गती. मोटारीला चार सिलिंडर असतात, एकात मिसिंग झालं तर बाकीचे तीन सांभाळून घेतात. इथे सांभाळणारं कुणीच नाही. ओळीने दोन-तीन स्फोट चुकले की चाकाची गती संपते आणि इंजिन थांबतं. रेस दिलेली असताना चाक जोरात फिरत असतं, त्यामुळे तेव्हा ते अशा चुका पोटात घालतं. म्हणूनच ‘पळताना काहीच त्रास नाही’ हे वाक्य गाडी ठणठणीत असल्याचा पुरावा ठरत नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलला दोन वाटा असतात. रेस दिली की स्लाइड वर जाते, हवेचा झोत वाढतो आणि मोठ्या जेटमधून पेट्रोल खेचलं जातं. रेस सोडली की तो झोत पडतो, मोठ्या जेटवरची ओढ संपते, आणि इंजिनाला जगवायला उरतो फक्त स्लो जेट. या पितळी जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. पेट्रोल वाळून राहिलेला चिकट थर, टाकीतल्या गंजाचा एक कण, गावातल्या दुकानातून बाटलीत घेतलेल्या पेट्रोलमधली घाण, यातलं काहीही त्याला पुरतं. मोठ्या जेटमधून तोच कण सहज निघून जातो आणि कुणाला कळतही नाही.

मग शोधायचं कसं? चांगला मिस्त्री हत्याराला हात लावण्याआधी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो: केव्हा? सकाळी थंडीत बंद पडते आणि दोन किलोमीटर गेल्यावर नीट होते, की उलट, सकाळी नीट असते आणि तापल्यावर बंद पडते? न्यूट्रलमध्ये पडते की गिअरमध्ये क्लच दाबून उभं असतानाच? धुतल्यानंतर सुरू झालं की पेट्रोल भरल्यानंतर? हँडल वळवलं की आवाज बदलतो का? गिऱ्हाइकाला या चौकशीचा कंटाळा येतो. त्याला वाटतं, हा वेळकाढूपणा आहे. खरं तर अर्धं काम तिथेच झालेलं असतं. गिअरमध्येच बंद पडत असेल तर कार्बोरेटर खोलण्यात अर्थ नाही. क्लच पूर्ण सुटत नाही आणि चाक इंजिनाला ओढून बंद पाडतं, एवढाच तो मामला. तारेचा ताण नीट केला की काम संपलं. धुतल्यानंतरच सुरू झालं असेल तर आधी प्लगची कॅप काढून कोरडी करायची. हँडलबरोबर आवाज बदलत असेल तर रेसची केबल आखडलेली असते, किंवा हेडलाइटमागची एखादी वायर तुटत आलेली असते.

सगळ्यात उपयोगाची चाचणी फुकटची आहे आणि ती कुणालाही घरी करता येते. बंद पडू पाहणाऱ्या इंजिनाला चोक ओढून बघायचा. चोक ओढल्यावर ते सावरलं तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा घुसतेय. चोकने ते आणखी गुदमरलं तर पेट्रोलच जास्त होतंय. या एका कृतीने शंकांची निम्मी यादी बाद होते. तरी चोकला हात न लावता थेट स्क्रूला हात लावणारे मी इतके पाहिले आहेत की या विषयावर मी जरा जास्तच कडवट बोलतो, असं मित्र म्हणतात.

जास्तीची हवा घुसण्याची जागाही ठरलेली असते: कार्बोरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधला जोड. तिथली ओ-रिंग दबून चपटी होते, रबराला चिरा पडतात. याची खूण अशी की रेस सोडल्यावर इंजिनाचा आवाज लगेच उतरत नाही, क्षणभर वर लटकून राहतो आणि मग एकदम खाली येऊन बंद पडतो. चालू इंजिनाच्या त्या जोडावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडले आणि आवाज बदलला, की चोर सापडला. काही जण इथे पेट्रोल शिंपडून बघतात. गरम इंजिन, शेजारी प्लगची ठिणगी आणि वर पेट्रोल, असला प्रयोग कुणी करत असेल तर लांब उभं राहावं.

उलट बाजूला पेट्रोल जास्त होण्याची कारणं. दिवाळीच्या आसपास या भागात सोयाबीनची मळणी चालू असते. मळणीयंत्राचा भुसा आणि काळ्या मातीची धूळ दिवसभर हवेत तरंगते, आणि गाडी तिथेच बांधावर उभी असते. एअर फिल्टर तुंबतो, हवा कमी मिळते, मिश्रण घट्ट होतं. प्लग काढला तर तो काजळलेला निघतो. प्लग वाचता येणं ही जुनी विद्या आहे आणि कार्बोरेटरच्या गाडीला ती अजूनही उपयोगी पडते: टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरकं असेल तर पेट्रोल कमी. काजळलेला प्लग पळताना तापून स्वतःची काजळी जाळतो, स्लोमध्ये मात्र तो थंड पडतो आणि ठिणगी काजळीतून वाहून जाते. फिल्टरच्या बाबतीत एक घोळ कायम होतो. जुना स्पंजाचा फिल्टर धुऊन, तेल लावून पुन्हा बसवता येतो. अलीकडच्या गाड्यांतला तेल मुरवलेला कागदी फिल्टर धुवायचा नसतो, त्यावर हवाही मारायची नसते. तो बदलायचा असतो. स्पंजाची सवय लागलेला हात कागदालाही तेच करतो.

आता जेट. मी पाहिलेल्या गॅरेजांमध्ये हे काम करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. घाईची तऱ्हा अशी: कार्बोरेटर सोडवायचा, उघडायचा, जेटच्या भोकात क्लचच्या तारेचा सुटा धागा घालून खरवडायचं, फुंकायचं, लावायचं. पितळ मऊ, तार पोलादी. भोक जराही मोठं झालं तर तो जेट कायमचा गेला आणि गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिणार. दुसरी तऱ्हा सावकाशीची. आधी कॉक बंद. फ्लोटच्या वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्यायचं आणि उजेडात धरायचं. पावसाळा संपता संपता अशा भांड्याच्या तळाशी पाण्याचा एक वेगळा गोळा स्पष्ट दिसतो, पेट्रोलखाली बसलेला, भांडं हलवलं की अखंड घरंगळणारा. तो दिसला तर कार्बोरेटर पुरता खोलण्याआधी टाकी तपासायला हवी. मग जेट काढायचा, क्लीनरमध्ये भिजवायचा, हवेने उडवायचा आणि डोळ्यासमोर धरून आकाशाकडे बघायचं. पूर्ण गोल प्रकाश दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर काम झालेलं नाही.

मिश्रणाच्या स्क्रूची आणखी एक भानगड आहे. काही कार्बोरेटरांना तो इंजिनाच्या बाजूला असतो, काहींना फिल्टरच्या बाजूला. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू बाहेर काढला की मिश्रण घट्ट होतं. फिल्टरच्या बाजूचा बाहेर काढला की पातळ होतं. दोघांची दिशा एकमेकांच्या उलट. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर नेमका उलटा फिरतो. म्हणून सोडवण्याआधी तो हलकेच पूर्ण आत नेऊन किती आटे होते ते मोजून ठेवायचं, म्हणजे चुकलं तरी होतं तिथे परत येता येतं. पीयूसीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड मोजतात तोही इंजिन स्लोमध्ये ठेवूनच, त्यामुळे हा स्क्रू कायद्याच्याही कक्षेत येतो. नुसता ‘कानाने’ लावलेला स्क्रू तिथे पकडला जातो.

समोर दिसतं त्यावरून कारण ठरवण्याचा मोह फार जुना, आणि त्याचं उदाहरण लोणारातच आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा सरोवराचा हा खड्डा गावाला लवणासुराच्या कथेतून माहीत होता; दैत्यसूदनाचं मंदिर त्याच कथेचं. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि पुढे दीर्घकाळ अभ्यासकांनी तो ज्वालामुखीचा धरला. त्यांची चूक समजण्यासारखी होती. सगळा दगड बेसॉल्ट, म्हणजे मुळातच लाव्हा. लाव्हाच्या प्रदेशात गोल खड्डा दिसला की ज्वालामुखी हे उत्तर आपोआप तोंडात येतं. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ यांनी उल्केची शंका जाहीरपणे मांडली. खात्री पटली ती १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या लेखाने. सरोवराखाली बोअर घेऊन वर काढलेल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडलं होतं, आघाताच्या प्रचंड दाबाने खनिजाची काच होऊन बनणारं. तसा दाब ज्वालामुखीत तयारच होत नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हाही आठवडाभर ज्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. शेवटी नमुने प्रयोगशाळेत गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण दिलं. खड्डा असो की कार्बोरेटर, पद्धत तीच: ज्या खुणेने बाकीची उत्तरं बाद होतात ती खूण शोधायची.

तापल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत अशी खूण टॅपेटमध्ये असते. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात थंड इंजिनात मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी फट ठेवलेली असते. इंजिन तापलं की धातू फुगतो आणि फट कमी होते. आधीच ती कमी असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. मिश्रण दाबलं जाताना थोडं निसटतं. पळताना ते खपून जातं, स्लोमध्ये खपत नाही. गंमत अशी की अशी गाडी कानाला फार गोड लागते. टॅपेट अजिबात वाजत नाहीत, मालक खूश. वाजणाऱ्या टॅपेटची तक्रार घेऊन येणारे पुष्कळ, न वाजणाऱ्याची तक्रार कुणी करत नाही, आणि व्हॉल्व्ह जळतो तो न वाजणाऱ्याचा. हे काम इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन वर आणून, फिलर गेजने करायचं असतं. आलेलं गिऱ्हाईक थांबायला तयार नसतं, म्हणून ते गरम इंजिनावर बोटाच्या अंदाजाने उरकलं जातं. दोष निव्वळ मिस्त्रीचा नाही. गाडी रात्रभर ठेवून जा म्हटलं की चार माणसं नाराज होतात.

गेल्या काही वर्षांत या जुन्या यादीत एक नवी भर पडली: पेट्रोलच बदललं. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी ठरवलेल्या जेटला आता तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावं लागेल, पण भोक तेवढंच आहे. मिश्रण पातळ पडतं आणि स्लो डळमळीत होतो. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी शोषतं. गाडी महिनाभर उभी राहिली, टाकी अर्धी रिकामी, वर दमट हवा. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कॉकचं तोंडही तळाशीच. पुण्याला किंवा वाळूजला नोकरीला गेलेला मुलगा दिवाळीला घरी येतो, उभी असलेली गाडी काढतो आणि दोन दिवस गॅरेजात बसतो, ते यामुळेही. मिश्रणाच्या धोरणाबद्दल ज्याचं त्याचं मत असो. जुन्या कार्बोरेटरच्या मालकाने फार दिवस गाडी उभी ठेवताना वाटी रिकामी करून ठेवावी, यावर मतभेद व्हायचं कारण नाही.

मोठा बदल मात्र १ एप्रिल २०२० चा. बीएस-६ आलं, आणि शंभर सीसीच्या नव्या गाड्यांमध्येही हळूहळू कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन बसलं. आता स्लो ठरवतो तो संगणक. इंजिनाचं तापमान, हवेचा दाब, रेसची स्थिती, धुरातला ऑक्सिजन बघून तो पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. फिरवायला स्क्रूच नाही. लबाडीची सोय गेली, हे चांगलंच झालं. पण बिघाड गेलेले नाहीत, त्यांचे पत्ते बदलले. थ्रॉटल बॉडीत काजळी बसते, स्लोची हवा सांभाळणारा छोटा व्हॉल्व्ह अडकतो, आणि कार्बोरेटरच्या काळात ज्या बॅटरीकडे बघायची गरज नव्हती ती अशक्त झाली तरी पेट्रोलपंपाचा दाब पडून गाडी बंद पडते. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घूं आवाज येतो का, हे आता मिस्त्री कान लावून ऐकतात. मीटरमधला पिवळा दिवा काही गाड्यांत लांब आणि आखूड लुकलुकून बिघाडाचा आकडा सांगतो. तो आकडा कशाचा, हे ज्याच्याकडे कंपनीचं पुस्तक आहे त्यालाच कळतं.

यात एक हसण्यासारखा प्रकारही आहे. हिरोने २०१४ मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये आय-थ्री-एस आणलं: न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभं राहिलं की इंजिन आपणहून बंद, क्लच दाबला की चालू. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो बिचारा ‘उभी राहिली की बंद पडते’ म्हणून प्लग बदलून घेतो. हँडलवरचं एक बटण दाबलं की हा आजार बरा होतो.

बाकीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तालुक्याच्या गावातला मिस्त्री कार्बोरेटर कानाने, नाकाने आणि बोटाने वाचायला शिकला. नव्या गाडीला स्कॅनर लागतो, आणि वायरिंगचा नकाशा व कोडचा तक्ता हवा असतो. ते नसेल तर तो अंदाजाने एकेक सेन्सर बदलून बघतो आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडतो. स्क्रू फिरवण्यापेक्षा हे महागात जातं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी हा त्याचा हेतू, आणि वाहन हे त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक आहे. दुचाकी कंपन्यांनी तिथे बिघाडांचे कोड आणि चाचण्यांचा क्रम पूर्ण द्यावा, आणि मराठीत द्यावा. लोणारसारख्या गावातल्या मिस्त्रीला प्रत्येक बंद पडलेल्या गाडीसाठी जिल्ह्याच्या शोरूमचा रस्ता दाखवणं परवडणारं नाही, आणि गाडीवाल्यालाही नाही.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू या. गाडी दाखवायला नेताना ती केव्हा बंद पडते हे घरूनच नीट बघून जा, चोक ओढल्यावर काय होतं ते सांगा, टॅपेट करायचे असतील तर गाडी रात्री ठेवून या. आणि मिस्त्रीने काही न विचारता थेट पेचकस उचलला, तर त्याला थांबवा.